शेवटच्या दहिवराचा नकाशा



मी इयत्ता चौथीत शिकतो. या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी 'नकाशे' हा विषय दिला आहे. कोणी गावाचा नकाशा काढला, कोणी जिल्ह्याचा काढला. मी जगाचा नकाशा घेतला आहे. पण माझ्या नकाशात देशांची नावे नाहीत आणि राजधान्याही नाहीत. त्यात तारखा आहेत. कोणत्या ठिकाणी हिवाळा संपताना शेवटचे दहिवर कधी पडते, त्याच्या तारखा.

तुम्ही म्हणाल, हा विषय याला सुचला कसा? तर त्याचे कारण आधी सांगतो.

आमचे गाव निफाड तालुक्यात आहे. आमचा द्राक्षबाग ओढ्याकाठी आहे. मी दुसरीत होतो तेव्हा एका पहाटे ओढ्याकाठच्या गवतावर पांढरे पांढरे दिसले. मला वाटलं कोणी पीठ सांडलं. हात लावला तर बर्फ! मी आनंदाने ओरडत घरी गेलो. आबा मात्र हसले नाहीत. अण्णा तर चप्पलसुद्धा न घालता बागेकडे पळाले. त्या आठवड्यात ओढ्याकडच्या चार ओळींचे मणी तडकले आणि शेंड्याची पाने काळी पडली. व्यापारी आला, त्याने वरच्या ओळी घेतल्या आणि खालच्या तशाच सोडल्या. त्या वर्षी मला नवे दप्तर मिळाले नाही. दप्तराचे काही नाही, पण आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही ते मला आठवते.

तेव्हापासून मला एकच प्रश्न पडला. आता थंडीची भीती संपली, असे कोणत्या तारखेला म्हणायचे?

दहिवर म्हणजे काय?

पितळी तांब्यात गार पाणी ओतले की बाहेरून थेंब जमतात. ते पाणी तांब्यातून झिरपत नाही. हवेत वाफ असते, ती गार भांड्याला लागून पाणी होते. तसेच रात्री गवत गार पडते आणि त्यावर दव जमते. गवत शून्य अंशाच्या खाली गेले की ते दव गोठते. कधी कधी तर वाफेचे पाणी न होता सरळ बर्फाचे कण होतात. त्याला दहिवर म्हणतात. आमच्याकडे 'दव गोठले' असेही म्हणतात.

जमीन दिवसभर ऊन खाते आणि रात्री ती ऊब आकाशाकडे सोडते. आभाळात ढग असले तर ते गोधडीसारखे काम करतात. वारा असला तर वरची ऊबदार हवा खाली मिसळते. म्हणून आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की त्या रात्री दहिवराची भीती जास्त. आबा कधी शाळेत गेले नाहीत, पण ते हेच सांगतात. ते म्हणतात, "पोरा, चांदण्या लखलखल्या अन् वारं पडलं, की समज आज रात जड जानार."

झाडाच्या पानात पाणी असते. ते गोठले की त्याचे बारीक स्फटिक होतात आणि पानाच्या पेशी फाटतात. ऊन पडल्यावर ते पान उकडल्यासारखे दिसते आणि मग काळे पडते.

शेवटची तारीख कशाला हवी?

थंड देशांत हिवाळ्यात झाडे झोपलेली असतात. द्राक्षाच्या वेलीला एक पान नसते. तेव्हा बर्फ पडला तरी वेल सहसा मरत नाही. मग वसंत ऋतू येतो, ऊन तापते आणि डोळे फुटतात. कोवळी फूट शून्याच्या खाली दोन अंश गेली तरी जळते. म्हणजे सगळा घात वसंतात येणाऱ्या दहिवराचा असतो. त्यांच्याकडे वर्षाचे पीक त्या कोवळ्या फुटीवरच असते.

आपल्याकडे उलटे आहे. आपण गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात करतो. त्यामुळे ऐन थंडीत आपल्या वेलीवर घड असतात. त्यांची फूट जळते, आपले मणी तडकतात. वेल एकच, पण दुखणे वेगळे.

म्हणून तिकडचे शेतकरी आणि माळी शेवटच्या दहिवराची तारीख पाहूनच टोमॅटोची, मिरचीची रोपे बाहेर लावतात. लवकर लावले तर जळतात. फार उशिरा लावले तर पुढच्या हिवाळ्याआधी पीक हाती येत नाही.

नकाशा कसा बनवतात?

हे मला सगळ्यात आवडले, म्हणून नीट सांगतो.

हवामान केंद्रात एक पांढरी लाकडी पेटी असते. तिला झडपा असतात. ती जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच असते, म्हणजे माझ्या डोक्याच्या जवळपास. तिच्यात किमान तापमापक असतो. रात्रीत पारा किती खाली गेला ते तो दाखवतो. रोज सकाळी ते लिहून ठेवतात.

मग एका वर्षाची वही घ्यायची आणि वसंतात शेवटचे शून्य किंवा त्याखालचे तापमान कोणत्या दिवशी होते ते शोधायचे. ती त्या वर्षाची तारीख. असे ३० वर्षांचे करायचे. सध्या १९९१ ते २०२० ही ३० वर्षे धरतात.

आता ३० तारखा झाल्या. त्यातली कोणती खरी? मी म्हणालो, "गुरुजी, सगळ्यात उशिराची धरू." गुरुजी म्हणाले, "अरे, मग एका वर्षाच्या भीतीने दरवर्षी उशीर करशील." मग त्यांनी फळ्यावर पाच तारखा लिहिल्या. समजा एका गावात पाच वर्षांत शेवटचे दहिवर असे पडले: ५ एप्रिल, १० एप्रिल, १२ एप्रिल, १९ एप्रिल आणि ३० एप्रिल. ओळीने लावल्यावर मधली तारीख १२ एप्रिल. नकाशावर तीच घालतात.

पण इथे एक फसगत आहे. ती तारीख मधली आहे. म्हणजे साधारण निम्म्या वर्षी तिच्यानंतरही दहिवर पडते! नकाशात १२ एप्रिल पाहून १३ एप्रिलला रोपे लावली तर पैज निम्मीनिम्मी झाली. म्हणून सावध शेतकऱ्यासाठी दुसरी तारीख काढतात. तिच्यानंतर दहा वर्षांतून एखाद्याच वर्षी दहिवर पडते. नकाशा पाहताना आधी विचारायचे, ही कोणती तारीख आहे?

तारखा बेरजेसाठी सोप्या व्हाव्यात म्हणून त्यांना वर्षाचा दिवस क्रमांक देतात. १ जानेवारी म्हणजे १, १ एप्रिल म्हणजे ९१, १ मे म्हणजे १२१. मग सारख्या क्रमांकाची ठिकाणे रेषेने जोडतात. अशा रेषांची युक्ती जुनी आहे. १८१७ मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने सारख्या तापमानाची ठिकाणे जोडून समताप रेषा काढल्या होत्या.

नकाशावर काय दिसते?

गुरुजींनी आणलेला नकाशा आम्ही जमिनीवर पसरला आणि भोवती बसलो.

पहिली गोष्ट अशी की उत्तरेकडे जावे तशी तारीख पुढे जाते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला बहुतेक वर्षी दहिवर पडतच नाही. मधल्या राज्यांत ते एप्रिलपर्यंत पडते, कॅनडाच्या सरहद्दीजवळ मेपर्यंत. रॉकी पर्वतात उंचावर तर जूनमध्येही पडते. अँड्र्यू हॉपकिन्स नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये एक ढोबळ नियम सांगितला. उत्तरेला एक अंश गेले की वसंत चार दिवस उशिरा येतो. आणि ४०० फूट वर चढले की पुन्हा चार दिवस उशिरा. मी हिशेब केला. १० अंश उत्तरेला गेलो तर ४० दिवस उशीर. डोंगरावर ४००० फूट चढलो तरी ४० दिवस उशीर.

दुसरी गोष्ट समुद्राची. आयर्लंडचा पश्चिम किनारा आणि कॅनडातले सॅस्काटून शहर हे दोन्ही साधारण ५२ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. नुसता अक्षांश पाहिला तर तारखा जवळजवळ पाहिजेत. पण आयर्लंडच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातही दहिवर कमी आणि सॅस्काटूनला मे महिना सरत आला तरी भीती असते. कारण समुद्र हळू तापतो आणि हळू निवतो. तो किनाऱ्याला ऊब देतो. सॅस्काटून समुद्रापासून फार लांब आहे.

तिसरी गोष्ट गंमतीची. विषुववृत्ताच्या दक्षिणेला सगळे उलट. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना येथे वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबरात असतो. त्यांचे शेवटचे दहिवर आपल्या दसरा-दिवाळीच्या सुमारास पडते. आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, "मग त्यांच्याकडे दिवाळीत कैऱ्या लागतात का?" सगळे हसले. पण गुरुजी म्हणाले, "हसू नका. ऑस्ट्रेलियात आंबे डिसेंबर-जानेवारीत पिकतात. तिने बरोबर दिशेने विचार केला."

चौथी गोष्ट, काही जागा कोऱ्या आहेत. मला वाटलं छापायचे राहिले. पण कोऱ्या जागा तीन तऱ्हेच्या असतात. एक, जिथे दहिवर कधीच पडत नाही, जसे केरळचा किनारा. दोन, जिथे दहिवर कधी संपतच नाही, जसे अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडचा मधला भाग. तिथे शेवटची तारीख येणार कुठून? तीन, जिथे एखाद्या वर्षी पडते आणि एखाद्या वर्षी नाही.

विषुववृत्ताजवळसुद्धा उंचावर दहिवर पडते. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया देशात सुमारे ३८०० मीटर उंचीचे पठार आहे. तिथले लोक तर दहिवराचा उपयोग करून घेतात. जून महिन्यात ते बटाटे रात्री उघड्यावर पसरतात. ते गोठतात. दिवसा उन्हात सुटतात. मग पायाने तुडवून पाणी काढतात आणि वाळवतात. त्याला चुन्यो म्हणतात. ते कित्येक वर्षे टिकते. आपल्या आया बटाट्याचे वाळवण करतात ना, तसेच. फक्त उन्हाच्या जोडीला थंडी असते.

नकाशाच्या आधी लोक काय करायचे?

नकाशे नव्हते तेव्हाही लोक तारीख ठेवत. जर्मनीत ११ ते १५ मे या पाच दिवसांना पाच संतांची नावे आहेत: मामेर्टस, पँक्रास, सर्व्हेशियस, बॉनिफेस आणि सोफी. त्यांना हिमसंत म्हणतात. सोफीचा दिवस गेल्याशिवाय तिकडचे माळी नाजूक रोपे बाहेर लावत नाहीत.

जपानमध्ये वसंताचा पहिला दिवस ४ फेब्रुवारीच्या सुमारास धरतात. तिथून ८८ वा दिवस मोजतात. मी बोटांवर मोजून पाहिले. फेब्रुवारीचे २५, मार्चचे ३१, एप्रिलचे ३० आणि मेचे २, एकूण ८८. म्हणजे २ मे. त्यानंतर दहिवराची भीती सरली असे ते मानतात आणि चहाची पाने खुडायला लागतात.

हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा आजी म्हणाली, "मंग आपलं काय येगळं हाय? महाशिवरात झाली की थंडी शिव शिव करत जाते." मला फार आनंद झाला. आपल्याही आज्यांजवळ तारीख आहे!

फ्रान्सच्या बागेत काय झाले?

२०२१ सालची गोष्ट. फ्रान्समध्ये मार्चअखेर फार ऊन पडले. काही ठिकाणी तापमान २५ अंशांच्या वर गेले. वेलींना वाटले वसंत आला, डोळे फुटले. मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्री कडक दहिवर पडले. शेतकऱ्यांनी बागांतून मेणबत्त्यांचे डबे पेटवले. रात्रभर ओळीच्या ओळी उजळल्या होत्या. गुरुजींनी त्याचा फोटो दाखवला, दिवाळीच वाटत होती. पण द्राक्षे आणि फळबागा यांचे फार मोठे नुकसान झाले.

यातून एक नवी गोष्ट कळते. जग तापत आहे, म्हणून पुष्कळ ठिकाणी शेवटचे दहिवर पूर्वीपेक्षा लवकर पडून जाते. मग चांगलेच झाले की! पण तसे नाही. उबेमुळे झाडेही लवकर फुटतात. झाड दहिवरापेक्षा पुढे पळाले की सापडलेच. म्हणून फक्त दहिवराची तारीख पुरत नाही, फुटीची तारीखही लिहावी लागते.

काही ठिकाणी दहिवराच्या रात्री झाडांवर पाणी उडवतात. हे ऐकून मला खोटे वाटले. पण पाणी गोठताना थोडी ऊब सोडते. पाणी सतत पडत राहिले तर बर्फाच्या आवरणात कळी शून्य अंशाच्या आसपास राहते, त्याखाली फार जात नाही. मध्येच पाणी बंद पडले तर मात्र घात होतो. आपल्याकडे अण्णा पहाटे ठिबक सोडतात आणि बांधावर शेकोट्या पेटवतात. एकदा शेकोटी राखायला मी बसलो होतो. मी कबूल केले होते की झोपणार नाही. पण मी झोपलो आणि शेकोटी विझली. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी मला गोधडीत गुंडाळून घरी नेले. ते रागावले असते तर बरे झाले असते असे मला वाटले.

आमचे गाव नकाशात कोरे का?

मी नकाशात आमचा तालुका शोधला. तो कोरा होता. म्हणजे नकाशा म्हणतो इथे दहिवर नाही. पण मी तर ते हाताने उचलले आहे! २०१८ च्या डिसेंबरात निफाडला पारा दोन अंशांच्या आत गेला होता आणि दवबिंदू गोठले होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठीही हिमकण दिसतात. मी गुरुजींना विचारले, "नकाशा खोटा आहे का?"

गुरुजी म्हणाले, "खोटा नाही. पण तो लांबून बघतो." जगाच्या नकाशातला एक चौकोन २५-३० किलोमीटरचा असतो. त्यात आपला जवळजवळ सगळा तालुका बसतो. टेकडी, शाळा, ओढा, सगळ्यांचे मिळून एकच तापमान. शिवाय पेटी सव्वा मीटर उंच. रात्री जमिनीलगतची हवा त्याहून गार असते. पेटीत दोन-तीन अंश असले तरी गवतावर शून्य होऊ शकते.

मग आम्ही आमचा नकाशा केला. जानेवारीत सूर्य उगवायच्या आधी आम्ही पाच जण गुरुजींबरोबर निघालो. तापमापक एकच. मारुतीच्या टेकडीवर ११ अंश, शाळेजवळ ९ आणि आमच्या ओढ्याकाठच्या बागेत ६. दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने मोजले, कारण मोजता मोजता वेळ जातो आणि तापमान बदलते. तरी ओढाच सगळ्यात गार निघाला.

गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने खाली येते आणि खोलगट जागी साचते. आमच्या बागेच्या खालच्या बांधावर शेवरीची दाट रांग आहे. ती धरणासारखी थंडी अडवत होती.

मी हे कागदावर काढून अण्णांना दाखवले. अण्णा बराच वेळ बघत बसले. ते म्हणाले, "शेवरी तोडली तर वारा झोडपील." तेव्हा आबा म्हणाले, "तोडू नको. वरची राहू दे, बुडाची छाट. पाण्याला वाट देतो तशी थंडीला वाट दे." मग तसेच केले. फेब्रुवारीत आम्ही पुन्हा मोजले. आधी शाळेत आणि बागेत ३ अंशांचा फरक होता, आता २ आला.

मी उड्या मारल्या. गुरुजी म्हणाले, "थांब. एका वर्षावरून ठरवायचे नाही. नकाशावाले किती वर्षांचे घेतात?"

मी म्हणालो, "३०."

३० वर्षांनी मी ४० वर्षांचा होईन. आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. जूनमध्ये मी पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाईन. पण वही इथेच राहणार आहे. ती गुरुजींच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. तिच्यात रोजची तारीख, पहाटेचे तापमान, वारा, ढग आणि दव असे रकाने आखले आहेत. पहिल्या पानावर मी लिहिले आहे: 'या हिवाळ्यात दव गोठले नाही.'

तिसरीच्या मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपली की लिहायला लागा. एक दिवससुद्धा चुकवू नका. आणि पालकांनो, तुमच्या शेतात दव गोठलेले दिसले तर जागा आणि तारीख शाळेत सांगायला या. मुलगा शाळेत नसला तरी चालेल.

माझा लेख येथे संपला. चूकभूल असेल तर गुरुजी दुरुस्त करतील.